गच्चीवरील सौरवीज आणि तिचा हिशेब

शहरातील घरमालकाने गच्चीवर सौरपट्टिका बसविल्या म्हणजे तो विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः नेट मीटरिंगच्या पद्धतीत त्याचे वीजकंपनीवरील अवलंबन संपत नाही. केवळ त्याचे स्वरूप पालटते. दुपारची जादा वीज तारांवाटे शेजाऱ्यांकडे जाऊन खर्ची पडते आणि रात्री दिवे लागतात ते दूरच्या केंद्रातील विजेवर. साठते ती वीज नव्हे, तिची नोंद. म्हणूनच बाहेरील पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. एरवी खांबावर चढलेल्या तंत्रज्ञाच्या जिवावर बेतावयाचे. बॅटरी नसलेले घर अशा वेळी लख्ख उन्हातही विजेवाचून राहते.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने या व्यवहाराचे विनियम प्रथम २०१५ मध्ये केले. २०१९ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. तीन किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी सुमारे १२ युनिट वीज देतो, पावसाळ्यात अर्थातच पुष्कळ कमी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढते असल्यामुळे गच्चीवरील युनिट बिलातील सर्वांत महाग युनिटाची जागा घेते. शंभर युनिटांत भागविणाऱ्या कुटुंबास म्हणून यात फारसा लाभ नाही. पाचशे युनिट वापरणाऱ्यास तो मोठा आहे. स्थिर आकार मात्र कोणाचाच चुकत नाही.

शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे ओढले जातात. परंतु ३१ मार्चला खाते मिटते. उरलेली वीज कंपनी आयोगाने ठरविलेल्या, वरच्या टप्प्याहून पुष्कळ कमी अशा दराने विकत घेते आणि एप्रिलचा आरंभ शून्यापासून होतो. हिवाळ्यातील शिल्लक वैशाखाच्या उकाड्यात उपयोगी पडावयाची, तर नेमकी त्याच्या तोंडाशीच ती निकालात निघते! हिशेबाचे वर्ष सूर्याच्या वर्षाशी जुळविण्याचे कोणी मनात आणलेले दिसत नाही.

खरा वाद याहून खोल आहे. तारा व रोहित्रे यांचा खर्च बव्हंशी युनिटामागील दरातून वसूल होतो. गच्चीवाला युनिट कमी विकत घेतो, परंतु सायंकाळी तारा त्यालाही लागतातच. येणारी तूट ज्यांच्या वाट्याला गच्ची नाही अशा सदनिकांतील व चाळींतील बिऱ्हाडांवर पडू शकते. याउलट, दुपारची वीज जवळच खपल्याने वहनातील गळती वाचते, हेही खोटे नव्हे. कॅलिफोर्नियात नेट मीटरिंगचा कायदा १९९५ मध्ये झाला होता. तेथील आयोगाने डिसेंबर २०२२ मधील निर्णयाने या वादाचा निकाल लावला आणि एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या जादा विजेस किरकोळ दराऐवजी, तिच्यामुळे कंपनीचा जेवढा खर्च वाचतो तेवढेच मोल ठरविले. त्यानंतर तेथे नव्या संचांबरोबर बॅटरी घेण्याचे प्रमाण बरेच वाढले.