भिलाईत राहावं का?

निवृत्तीनंतर कुठे स्थायिक व्हायचं, मुलाची बदली झाली तर त्या गावी जावं का, अशी चर्चा घरात निघाली की ती तीन प्रश्नांवर येऊन थांबते. हवा कशी आहे? संध्याकाळी जायला काय आहे? आणि मुलगी रात्री एकटी घरी येऊ शकते का? केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये १११ शहरांना राहण्यायोग्यतेचे गुण दिले. पुणे पहिलं आलं, रायपूर सातवं. त्या रायपूरपासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या भिलाईला हेच प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहेत, कारण हे गाव वाढत गेलेलं नाही, ते ठरवून वसवलेलं आहे.

पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ मध्ये करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यासोबत सेक्टर आखले गेले, आणि क्वार्टर, शाळा, बाजार, दवाखाना, मैदान असं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आलं. देशभरातून माणसं आली आणि गावाला ‘मिनी इंडिया’ हे नाव चिकटलं. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत सव्वासहा लाखांच्या आसपास लोक होते, दुर्ग धरून दहा लाखांवर. म्हणजे भिलाई छोटी नाही. तिच्या पोटातली टाउनशिप मात्र अजून छोट्या गावासारखी जगते.

हवा

नागपूरकराला इथला उन्हाळा नवा वाटणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि नवतपाचे नऊ दिवस लोक दुपारी दार उघडत नाहीत. कूलर आणि कांदा हे विदर्भातले उपाय इथेही चालतात. त्यांच्या जोडीला छत्तीसगडी बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. पाऊस मोसमी वाऱ्यांचा, भातशेतीला पुरेल एवढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे सुखाचे महिने. रुंद रस्त्यांच्या कडेला साठ-साठ वर्षांची झाडं आहेत, त्यामुळे सेक्टरांत सावली मिळते. जीई रोड या हमरस्त्याच्या पलीकडच्या दाट वस्त्यांत त्याच उन्हाचा ताप जास्त जाणवतो. पाणी तांदुला जलाशयातून कालव्याने मरोदा तलावात येतं आणि तिथून कारखाना आणि टाउनशिप दोघांनाही मिळतं.

हवेचा दुसरा अर्थ श्वासाचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात छत्तीसगडची जी शहरं घेतली गेली, त्यांत रायपूर आणि कोरबा यांच्यासोबत भिलाईही होती. ज्या कारखान्याने झाडं लावली, धूरही त्याच्याच चिमण्यांतून निघतो.

करमणूक

रविवारचं ठिकाण मैत्रीबाग. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये कारखान्यानेच उभारलेलं हे उद्यान आणि प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी ओळखलं जातं. शिवाय नौकाविहार, खेळण्यातली आगगाडी, संगीत कारंजं. सिव्हिक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी, सेक्टर १ मध्ये नेहरू सांस्कृतिक भवन. पंडवानी हा लोकगायनाचा प्रकार जगभर नेणाऱ्या तीजनबाई याच परिसरातल्या. पद्मविभूषणपर्यंत पोहोचलेल्या या कलावतीला भिलाई कारखान्याने नोकरी दिली होती. सणांचं तर विचारूच नका. गणपती उठले की बंगाली मंडळींची दुर्गापूजा, मग तळ्यांवर छठ. राजनांदगावच्या गणेश झाक्या, म्हणजे देखावे, पाहायचे तर तासाभराचा प्रवास. कमी काय आहे? महानगरातला झगमगाट. तो हवा असेल तर रायपूर गाठावं.

सुरक्षितता

इथे आकड्यांची पहिली अडचण येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पूर्वी दहा लाखांवरच्या ५३ शहरांची गुन्हेगारी वेगळी छापत असे आणि त्यात दुर्ग-भिलाईचं नाव असे. २०१६ च्या अहवालापासून वीस लाखांवरची १९ शहरंच उरली. नागपूर, पुणे दिसतात, भिलाई दिसत नाही. तेव्हा नव्याने येणाऱ्याने यादीवर विसंबू नये. संध्याकाळी सेक्टरात आणि सुपेला-पॉवरहाऊस बाजारांच्या गर्दीत, दोन्हीकडे फिरून बघावं.

गावाच्या मधोमध जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ हाही जोखमीचाच भाग. अवजड ट्रक, शाळेच्या सायकली आणि दुचाक्या एकाच रस्त्यावर आल्या की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी सुरक्षितता कामाच्या जागेची. जून २०१४ मध्ये कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कर्मचारी दगावले. ज्यांना टाउनशिपची सावली कधीच मिळाली नाही, त्या कंत्राटी कामगारांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतल्या राहत्या घरी झोपेत गोळी घालून हत्या झाली. पुढच्याच वर्षी १ जुलैला पॉवरहाऊस स्थानकाजवळ रूळ अडवून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. गुणपत्रिकेत ‘सुरक्षितता’ हा एकच रकाना असतो. कोणाची सुरक्षितता, हे त्यात लिहिलेलं नसतं.

सांभाळणारा कोण?

तिन्ही उत्तरांमागे एकच नाव येतं. पाणी, झाडं, मैत्रीबाग, सेक्टर ९ चं मोठं रुग्णालय, सगळं कारखान्याच्या खर्चाने उभं राहिलं. एके काळी त्याच्या पटावर साठ हजारांच्या घरात माणसं होती. आज त्यांचा जेमतेम पाव हिस्सा उरला आहे. पोलाद पूर्वीपेक्षा जास्त निघतं, रेल्वेचे रूळ लांबलचक तयार होतात, पण त्यासाठी तेवढे हात लागत नाहीत. हात कमी झाले की क्वार्टर ओस पडतात, शाळांची पटसंख्या घटते आणि बागेवरचा खर्च हिशेबनिसाला खुपू लागतो. दुसरीकडे २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी आली आहे, नवी वस्ती वाढते आहे. तिचं पाणी, तिचे रस्ते, तिच्या बागा पाहायच्या आहेत महापालिकेला.

म्हणून भिलाईत राहावं का, याचं माझं उत्तर ‘हो, पण चौकशी करून’ असं आहे. घर बघायला जाल तेव्हा हवा, बाग आणि रस्त्यावरचे दिवे जरूर पाहा. मग शेजाऱ्याला विचारा, नळाला पाणी कोण सोडतं, झाडांना कोण घालतं, आणि दहा वर्षांनी हे काम कोणाकडे असेल. या प्रश्नाचं नेमकं उत्तर ज्या गल्लीत मिळेल, तिथे घर घ्यावं. हा निकष भिलाईइतकाच चंद्रपूर, कोराडी किंवा पिंपरी-चिंचवडलाही लागू पडतो.