राहुल भेके : बचावपटूची नोंद

आघाडीच्या खेळाडूची कारकीर्द गोलांच्या आकड्यांवरून मांडता येते. बचावपटूच्या चरित्रकाराला ती सोय नसते, कारण बचावपटूने जे घडू दिले नाही त्यासाठी सामन्याच्या तक्त्यात रकानाच नसतो. ६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेल्या मुंबईच्या फुटबॉलपटू राहुल भेकेचे मोठेपण तपासताना ही अडचण पदोपदी जाणवते.

मुंबईचे फुटबॉल दीर्घकाळ बँका, सरकारी आस्थापना आणि कंपन्यांच्या संघांवर पोसले गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि नोकरीच्या आधाराने खेळण्याची ती व्यवस्था ओसरू लागली. भेके घडला तो या संक्रमणात : आधी मुंबई एफसी, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल, आणि २०१५ मध्ये इंडियन सुपर लीगमधील केरळ ब्लास्टर्स. लिव्हरपूलकडून युरोपचे विजेतेपद मिळवलेला नॉर्वेचा डावा बचावपटू योन आर्ने रीसे त्याच मोसमात दिल्लीकडून खेळत होता. रीसेच्या नावावर शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने असले, तरी २००८ मध्ये चेल्सीविरुद्ध त्याने अखेरच्या क्षणी केलेला स्वयंगोल अजून विसरला गेलेला नाही. बचावपटूंची स्मृती बहुधा अशीच अन्यायाने जपली जाते.

भेके मूळचा राइट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू. पुढे तो मधल्या फळीमागे, गोलरक्षकासमोर सेंटर-बॅक म्हणूनही स्थिरावला. कॉर्नर मिळाला की उंच चेंडूसाठी तो प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ जातो, आणि त्याचे गाजलेले गोल तेथूनच, डोक्याने, झाले आहेत. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीतील इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर त्याने गोव्याविरुद्ध एकमेव गोल केला आणि त्याचा तेव्हाचा क्लब बेंगळुरू प्रथमच विजेता ठरला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या वायुसेनेच्या क्लबविरुद्ध त्याच्या नव्या क्लबला, मुंबई सिटीला, २-१ असा विजय मिळवून देणारा गोलही त्याचाच. एएफसी चॅम्पियन्स लीगमधील कोणत्याही भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता.

तथापि खऱ्या मूल्यमापनासाठी भारतीय संघाच्या दोहातील सामन्यांकडे वळावे लागते. १० सप्टेंबर २०१९ रोजी आशियाई विजेत्या कतारने भारताच्या गोलवर सतत हल्ले चढवले, सुनील छेत्री आजारपणामुळे बाहेर होता, आणि तरीही गुरप्रीत सिंगच्या पुढे भेके, झिंगन, आदिल खान व मंदार राव देसाई यांची फळी टिकल्याने सामना ०-० असा सुटला. भेकेच्या नावापुढे तक्त्यात त्या रात्रीचे काहीच ठळक उरले नाही. ३ जून २०२१ रोजी त्याच शहरात, त्याच कतारविरुद्ध, चेंडू हाताला लागल्याने सतराव्या मिनिटाला त्याला दुसरे पिवळे कार्ड, म्हणजे पर्यायाने लाल कार्ड, मिळाले; उरलेला सव्वा तास भारत दहा जणांनिशी खेळला व ०-१ असा हरला. ही नोंद मात्र ठसठशीत आहे.

या चुकीने कारकीर्द संपली नाही, हे महत्त्वाचे. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ असे हरवून मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला तेव्हा कर्णधार भेकेच होता, त्यानंतर तो बेंगळुरूला परतला, आणि नोव्हेंबरमध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी त्याच्याच हेडरने साधली. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीववरील ३-० अशा विजयातील पहिला गोलही त्याचा होता, जरी चर्चा झाली ती निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या छेत्रीच्या गोलाचीच.