कॉलेजचे नाव बघावे की केसपेपरची रांग?

नीटचा निकाल लागला की मेहरूणमधल्या काही घरांची झोप उडते. मुलीला बरे गुण पडलेले असतात, पण मुंबईचे दार सहज उघडेल इतकेही नसतात. वडील एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात नाही तर डाळमिलमध्ये कामाला, आई चार घरची कामे उरकून आलेली, आणि समोर सीईटी सेलचा पसंतीक्रमाचा अर्ज. त्यात महाविद्यालयांची नावे एकाखाली एक लावायची. मग सल्लागारांची गर्दी होते. "सिव्हिलचं कॉलेज काय कॉलेज आहे का भो? काल तर निघालं." "फलाण्या कॉलेजचं नाव आहे, बिल्डिंग तर पाहून या." क्लासचे सर एक सांगतात, मामा दुसरे सांगतात, आणि ज्यांच्या घरात आजवर कोणी दवाखान्यात रुग्ण म्हणूनच गेले, डॉक्टर म्हणून नाही, ते आईबाप सगळ्यांचे ऐकून गोंधळून जातात.

हे 'नाव' कशाचे असते आणि साडेपाच वर्षांच्या शिक्षणात ते किती कामाला येते, हे एकदा नीट पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटते.

पहिली वस्तुस्थिती फार थोड्या पालकांना ठाऊक असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले. अभिमत विद्यापीठे सोडली, तर राज्यातली जवळपास सर्व वैद्यकीय महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले, धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय १९८९ चे, मुंबईचे ग्रँट तर १८४५ चे. जळगावचे डॉ. उल्हास पाटील, धुळ्याचे एसीपीएम ही खासगी महाविद्यालये. या सगळ्यांच्या विद्यार्थ्यांपुढे लेखी परीक्षेला एकच प्रश्नपत्रिका येते आणि पदवीवर एकाच विद्यापीठाचे नाव असते. पुढे एमडी, एमएस करायचे तर नीट-पीजीचा गुणक्रम लागतो. त्या परीक्षेत ग्रँटच्या विद्यार्थ्याला ग्रँटचा म्हणून एक गुण जास्त मिळत नाही आणि जळगावच्याचा एक कापला जात नाही. पेशंट तर दवाखान्याच्या पाटीवरची पदवी वाचतो. ती कोणत्या गावच्या कॉलेजातून घेतली, हे विचारणारा पेशंट आम्ही तरी पाहिला नाही.

मग सगळी महाविद्यालये सारखीच का? मुळीच नाही. फरक मोठा असतो, पण तो बहुतेक वेळा नावात दिसत नाही, दवाखान्यात दिसतो.

डॉक्टरकीचे निम्मे शिक्षण रुग्णाच्या खाटेपाशी होते. पोटावर हात ठेवून काविळीचे यकृत ओळखणे, स्टेथोस्कोप लावून न्यूमोनिया ऐकणे, बाळंतीण कोणत्या क्षणी अडली हे जाणणे, हे पुस्तकातून येत नाही. म्हणून तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने महाविद्यालयाला रुग्णालयाची अट घातली आहे. २०२३ च्या निकषांप्रमाणे एमबीबीएसच्या १०० जागांना किमान ४२० खाटा आणि १५० जागांना ६०५ खाटा हव्यात, आणि त्यातल्या ८० टक्के खाटांवर रुग्ण असले पाहिजेत. 'रुग्ण असले पाहिजेत' हे लिहून ठेवावे लागले यातच सगळे आले. लोखंडी खाटा विकत मिळतात, रुग्ण मिळत नाहीत. तपासणी पथक यायच्या दिवशी आसपासच्या वस्तीतून माणसे आणून खाटांवर निजवल्याच्या बातम्या आपण देशभरातून वाचत आलो आहोत.

यावर इंग्लंडमधले एक जुने उदाहरण सांगण्यासारखे आहे. लंडनची नावाजलेली वैद्यकीय महाविद्यालये बायकांना दारात उभे करत नव्हती. तेव्हा सोफिया जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेऊन १८७४ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा काढली. शिक्षक मिळाले, विद्यार्थिनी मिळाल्या, पण एकही मोठे रुग्णालय त्या मुलींना वॉर्डात येऊ देईना. तीन वर्षे शाळा लंगडी राहिली. १८७७ साली रॉयल फ्री या रुग्णालयाने आपले वॉर्ड उघडले आणि शाळा खऱ्या अर्थाने उभी राहिली. याच शाळेत शिकायला आपल्या मुंबईच्या रखमाबाई १८८९ साली गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. पुढे त्यांनी सुरतेत वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. जी नावाजलेली कॉलेजे दार उघडत नव्हती, त्यांच्या नावाचा रखमाबाईंना काय उपयोग होता? त्यांना हवे होते वॉर्ड, आणि ते नव्या शाळेने मिळवून दिले.

आता आपल्या सिव्हिलकडे पाहू. मेहरूणच्या कोणत्या घरातले माणूस सिव्हिलच्या रांगेत उभे राहिलेले नाही? सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे लागलेली ती रांग, व्हरांड्यात खाली अंथरूण टाकून बसलेले नातेवाईक, आणि अपघात विभागात महामार्गावरून आलेली अँब्युलन्स. शेतात साप चावलेला, फवारणीचे विष अंगात गेलेला, अडलेली बाळंतीण, क्षयाने खंगलेला मजूर, सगळे जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून इथेच येतात. रुग्ण म्हणून या गर्दीचा आपल्याला त्रास होतो आणि त्याबद्दलची आपली तक्रार खरीच आहे. पण तीच गर्दी शिकणाऱ्याची शाळा आहे. २०१८ साली हेच रुग्णालय महाविद्यालयाला जोडले गेले, तेव्हा कॉलेज नवे होते, रुग्ण नवे नव्हते. कामगाराच्या घराने दवाखाना आतून पाहिलेला असतो. कोणत्या दवाखान्यात खाटा भरलेल्या असतात आणि कुठे दुपारी बारा वाजता ओपीडीत पंखेच फिरत असतात, हे मेहरूणच्या आयाबाया एखाद्या मानांकनापेक्षा अचूक सांगतील. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१८ पासून वैद्यकीय संस्थांनाही लागू झाली. तिच्यात संशोधन, पदव्युत्तर शिक्षण अशा गोष्टींना वजन आहे, आणि यादी छोटी असल्याने जिल्ह्याची बहुतेक महाविद्यालये तिच्यात येतच नाहीत. त्यामुळे धुळे वर लिहावे की नंदुरबार, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही.

नव्या शासकीय महाविद्यालयांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे प्राध्यापकांची पदे रिकामी असणे हे दुखणे राज्यभर आहे. इमारतीही पुऱ्या झालेल्या नसतात, वसतिगृह अपुरे असते. म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारू नका, ती अजून नव्या ॲप्रनच्या आनंदात असतात. तिसऱ्या वर्षाच्या किंवा इंटर्नशिप करणाऱ्या मुलांना विचारा. मेडिसीनचे सर वॉर्डात राउंड घेतात का? शरीररचनेच्या वर्गात एका मृतदेहाभोवती किती विद्यार्थी असतात? इंटर्नला टाके घालायला, बाळंतपण करायला मिळते, की नुसते रक्ताचे नमुने लॅबला पोचवायचे? मोठ्या नावाच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर डॉक्टरांची रांग पुढे असते, इंटर्नच्या हाती सुई उशिरा येते. जिल्ह्याच्या ठिकाणी कधी कधी उलटे असते, कामच अंगावर पडते. आम्हाला विचाराल तर हात लवकर चालू होणे आम्ही जास्त मोलाचे मानतो. पण शिकवायला वरिष्ठ कोणीच नसेल, तर चुकीची सवयही लवकर लागते.

आता जी गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते तिच्याकडे येऊ. जळगावची डॉ. पायल तडवी, आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी, स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात गेली. १९२१ पासूनचे, देशात नावाजलेले महाविद्यालय. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहात जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी पायलच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी मिळून, शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

नावाजलेली महाविद्यालये टाळावीत, असे आम्ही म्हणत नाही. तिथे आपली मुले गेलीच पाहिजेत, जागा आपल्या हक्काच्या आहेत. मात्र 'नावाजलेले' या शब्दात आपल्या मुलीशी तिथे कसे वागतात, हे कधीच मोजलेले नसते. ते आपणच मोजायचे असते. आपल्या समाजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा. वसतिगृहाच्या खोल्या कशा वाटतात? 'कोट्यावाली' म्हणून टोमणे पडतात का? पडले तर डीनकडे गेल्यावर काय होते? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, समितीचे फलकही प्रत्येक महाविद्यालयात लागलेले असतात. त्या समितीपुढे मागच्या वर्षी कोणी गेले का आणि गेलेल्याचे काय झाले, हा प्रश्न फलक पाहून सुटत नाही.

एमबीबीएसला गुण कमी पडले की बीएएमएस, बीएचएमएसचा विचार येतो. त्यांचाही प्रवेश नीटमधूनच होतो, साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इथे नावापेक्षा रुग्णालयाची चौकशी दुप्पट करावी. आयुर्वेदासाठी २०१६ च्या नियमांत ६० जागांना ६० खाटा ही अट होती, यावरून एमबीबीएसशी असलेले अंतर समजेल. अमेरिकेतही डॉक्टरकीच्या दोन वाटा आहेत. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली मिसुरी राज्यात सुरू केलेल्या ऑस्टिओपॅथीच्या शाळेतून तिथली दुसरी वाट निघाली. आज तिथल्या त्या पदवीधरांना औषधोपचार आणि शस्त्रक्रियेचा पूर्ण परवाना मिळतो आणि २०२० पासून दोन्हींचे पदव्युत्तर प्रशिक्षण एकाच व्यवस्थेखाली आले. तिथले जाणते पालक कॉलेजचे नाव बाजूला ठेवून, किती मुले परवान्याची परीक्षा उतरली आणि किती जणांना रुग्णालयात प्रशिक्षणाची जागा मिळाली, एवढेच विचारतात. आपल्याकडे दोन वाटांचे हक्क तसे सारखे नाहीत. होमिओपॅथच्या ॲलोपॅथी औषधे देण्याच्या हक्कासाठी राज्याने २०१४ साली कायदा बदलला, त्यावरचा वाद २०२५ सालीही पेटला होता. बीएचएमएसला जायचे तर ती पद्धती शिकायची म्हणून जावे. 'नंतर सगळे करता येते' या वाक्यावर विसंबून जाऊ नये. आणि ऑस्टिओपॅथीच्या नावाने सहा महिन्यांचा, वर्षाचा डिप्लोमा देणाऱ्या जाहिराती येतात, त्या करून कोणी नोंदणीकृत डॉक्टर होत नाही.

पैशाचे थोडक्यात सांगतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला काही लाख असते, आकडा शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला कॅप फेरीतून प्रवेश मिळाला, तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत असताना भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि त्यावर असताना फ्रीशिप असते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली. म्हणून 'नाव मोठे आहे, कोट्यातून करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. खाणे आणि खोली यांचा खर्च मात्र घरावर येतो. शासकीय वसतिगृह मिळाले नाही, तर २०१६-१७ पासूनच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. मेहरूणहून रिक्षाने सिव्हिलला जाणाऱ्या मुलीचा हा खर्च वाचतो, तेही हिशेबात धरावे. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचे बंधन आहे, तेही आधी माहीत असावे.

पसंतीक्रम भरताना 'हे मिळणार नाही' म्हणून एखादे महाविद्यालय गाळू नका. संगणक मुलीच्या गुणक्रमाप्रमाणे वरून खाली पाहत येतो आणि जे पहिले मिळण्यासारखे असेल ते देतो. वर लिहिल्याने खालची संधी जात नाही. जिथे जायचेच नाही, ते नाव मात्र यादीत ठेवू नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करून टाका. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल काढायला गावच्या तालुक्याला दोन-तीन खेटे पडतात. देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी बौद्ध म्हणून अनुसूचित जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा लागतो. १९९० च्या दुरुस्तीने तो हक्क मिळाला आहे, पण राज्याचा दाखला तिथे चालत नाही. अर्ज लॉक करण्याच्या आदल्या दिवशी मुलीला शेजारी बसवून यादी मोठ्याने वाचून घ्या, आणि लॉक झाल्यावर तिची छापील प्रत काढून ठेवा.