तो उतार सुटला नाही, तरीही...

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी.

गुलमर्गला गेलो होतो. गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने वर अफरवाटला, जवळजवळ 4,000 मीटरवर. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन. स्की पेट्रोलची हद्द संपते तिथून पुढे मोकळा उतार, आणि त्यावर दोघांच्या स्कीच्या ताज्या रेघा. मी गाइडला म्हटलं, "भाईजान, ते गेले ना, मग आपणही जाऊ." तो नाही म्हणाला. पैसे भरलेत, सुट्टी संपत आलीय, सगळं बोलून घेतलं मी. खरं सांगतो, चिडलोच होतो.

मग त्याने शेजारच्या छोट्या, सुरक्षित चढावर खड्डा खणला. 30 सेंटीमीटर लांब-रुंद असा बर्फाचा खांब मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि टपल्या मारायला लागला. पद्धत अशी: दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आमचा खांब मनगटाच्या पाचव्या टपलीलाच मधून सरकला. अख्खी लादी बाहेर! खालचा थर हातात घेतला तर साखरेसारखे सुटे दाणे.

होतं काय, हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो. जमीन त्या मानाने उबदार, वरची हवा कडाक्याची थंड. या फरकामुळे आतल्या बर्फाचे असे दाणे बनतात, जे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा पलीकडच्या बाजूचा बर्फही आणून टाकतो, आणि लादी तयार. आता कुणाचं तरी वजन पडायची खोटी. आधीचे दोघे कदाचित लादीच्या जाड भागावरून गेले असतील, तिसरा पातळ भागावर जाईल. प्रोडक्शनमध्ये बग दिसला नाही म्हणजे कोड बरोबर, असं म्हणणाऱ्याला आपण हसतो. मी तेच म्हणत होतो!

लादीची ॲव्हलाँच बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटते. म्हणजे नेमकी स्कीला मजा येते तिथे. फोनच्या लेव्हल ॲपने हा कोन मोजता येतो: स्कीची काठी बर्फावर आडवी टाका, त्यावर फोन ठेवा. पण खाली सपाटीवर उभं असलात तरी वरचा उतार बघा, कारण येणार ते तिकडूनच. पायाखाली 'वुम्फ' असा आवाज आला किंवा स्कीपासून तडा पळत गेला, तर खड्डाबिड्डा खणू नका, मागे फिरा.

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. 5 पैकी 3 वाचून "मधलंच आहे, चालतंय" असं वाटतं. त्या पातळीला एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो, बरं का.

आणि हो, फोन ट्रान्सिव्हरपासून निदान 20 सेंटीमीटर लांब ठेवा, शोध घेताना 50. सिग्नलमध्ये गडबड होते, आणि गाडलेल्या माणसाकडे जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात.

तो उतार त्या दिवशी सुटला नाही. माझा मित्र अजून म्हणतो, गाइड घाबरट होता. फेब्रुवारी 2023 मध्ये याच अफरवाटवर दोन पोलिश स्कीअर गेले, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते वेगळं." पुढच्या जानेवारीचं बुकिंग आम्ही एकत्रच करतोय. गाइड तोच, ही अट माझी.