देवयानीचे निदान

वैद्यकीय व्यवसायात ३५ वर्षे काढल्यावर मला दुर्बिणीचा छंद जडला. डिसेंबरमधील एका निरभ्र अमावास्येला बेळगावबाहेर मित्राच्या शेतावर देवयानी तारकासमूहात एक धूसर डाग दिसला. तीच देवयानी दीर्घिका! डोळ्यांत शिरलेला तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तेथून निघाला होता.

आपल्या आकाशगंगेप्रमाणेच ही सर्पिल दीर्घिका आहे. मध्यभागी वृद्ध, पिवळसर ताऱ्यांचा फुगवटा. त्याभोवती चपटी तबकडी. आणि तबकडीत वायू, धूळ व नवजात निळ्या ताऱ्यांनी उजळलेले बाहू.

१९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी वर्णपटाच्या साहाय्याने तिच्या भ्रमणाचा वेग मोजला. सूर्यापासून दूरचा नेपच्यून जसा बुधापेक्षा संथ फिरतो, तसे दीर्घिकेच्या कडेचे वायुमेघही मंदावतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दूरवरही वेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर भरला. पुढे अनेक सर्पिल दीर्घिकांत हेच आढळले. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण एवढ्या वेगाला आवर घालण्यास अपुरे होते. म्हणजे न दिसणारे वस्तुमान तेथे असले पाहिजे, असे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. त्याला नाव मिळाले ‘कृष्णद्रव्य’.

लक्षणांवरून अदृश्याचे निदान करणे आपणा डॉक्टरांना नवे नाही. पण त्या रात्री मला एक रुग्ण आठवली. निवृत्त शिक्षिका, फुप्फुसे आक्रसत चाललेली. मी ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’ असे लिहिले. बाईंनी विचारले, “नाव सापडलं म्हणजे कारणही सापडलं ना, डॉक्टर?” बाहेर रुग्णांची रांग होती. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे ‘कारण अज्ञात’, हे सांगायचे राहून गेले. आता त्या नाहीत.

कृष्णद्रव्याचे कण खोल भूमिगत प्रयोगशाळांत शोधले जात आहेत. अद्याप हाती लागलेले नाहीत. ते कशाचे बनले आहे हे ठाऊक नसल्याचे शास्त्रज्ञ मोकळेपणाने सांगतात आणि शोधही थांबवत नाहीत. बाईंना तेवढेच उत्तर द्यायला हवे होते: “कारण माहीत नाही; पण मी तुमच्यासोबत आहे.”

तरुण सहकाऱ्यांनो, हिवाळ्यात एकदा गावाबाहेर जाऊन देवयानी पाहाच. दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात बसताना ती आठवली, तर रुग्णाच्या प्रश्नाला घाईने मान हलवणार नाही.