धावायला कुठे जावे?

पोलीस शिपाई व्हायचे, तर भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते. मुलींना ८०० मीटर. म्हणून पेण-रोहा तालुक्यांतली मुले पहाटे पळायला जातात. पण कुठे? कित्येक जण मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला! अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसत नाही.

आपल्याकडे याहून चांगल्या वाटा आहेत. पेणच्या खारेपाटात खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातले आहेत. बांधावरची वाट सपाट. डांबरापेक्षा मऊ, म्हणून गुडघ्यांना हिसका कमी बसतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती. बगळे तर सोबतीला असतातच. नवख्याने एका उघाडीपासून दुसऱ्या उघाडीपर्यंत नुसते झपझप चालावे. चालता चालता बोलता येऊ लागले, की मग थोडे पळावे. नुसते चालणे आजोबांनाही जमते. मात्र पावसात बांध निसरडा होतो. खेकड्याच्या बिळात पाय गेला तर मुरगळतो, तेव्हा उजाडल्यावरच जा.

रोह्याला कुंडलिकेचा काठ आहे. कोलाडकडे गेलात तर पाय धुवायला नदीत उतरू नका, बरे का! वर भिऱ्याच्या वीजघराचे पाणी सुटले, की भर उन्हाळ्यातही नदी चढते.

आणि दम वाढला म्हणजे अवचितगडाची चढण आहेच. ती पहिल्या दिवशी नको.