थायरॉईड : डॉक्टरांशी मतभेद असू द्या, गोळी मात्र परस्पर बंद करू नका



आरोग्य पानासाठी नालासोपारा पूर्वेच्या एका भगिनीने प्रश्न पाठवला आहे. त्यांचे वय 42. चार वर्षांपूर्वी तपासणीत त्यांचा टीएसएच 38 निघाला आणि डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिनची 75 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. गोळी घेऊनही थकवा जात नाही, केस गळतात, वजन हलत नाही. डॉक्टर रिपोर्टवर नजर टाकतात, "नॉर्मल आहे, चालू ठेवा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. अशात विहारातल्याच ओळखीच्या एका ताईंनी त्यांना थायरॉईडसाठीचा 'नैसर्गिक' डबा दिला. त्यात समुद्री शेवाळ, अश्वगंधा आणि सेलेनियम. सोबत केसांसाठी बायोटिन. महिन्याचा खर्च 1800 रुपये. डॉक्टरांची गोळी बंद करून तीन आठवडे झाले आणि त्यांना बरे वाटते आहे. त्या विचारतात, "गोळी कायमची सोडली तर चालेल ना? डॉक्टरांना सांगितले तर रागावतील."

ताई, उत्तर आधी देतो. नाही, चालणार नाही. डॉक्टरांना आजच कळवा आणि त्यांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू करा. पण तुमची तक्रार खोटी नाही. डॉक्टरांशी मतभेद असणे हा गुन्हा नाही. तो मतभेद नीट कसा मांडायचा आणि तपासायचा, हे समजून घेऊ.

गोळी नेमके काय करते?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती टी4 आणि टी3 ही संप्रेरके तयार करते. शरीर किती वेगाने चालावे, हे ती ठरवतात. हृदयाचे ठोके, पचन, पाळी, अंगातली ऊब, मनाची उभारी, सगळ्यावर त्यांचा परिणाम होतो. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड कमी काम करू लागली की पियुषिका जास्त ओरडते, म्हणजेच टीएसएच वाढतो. म्हणून टीएसएच जास्त असणे म्हणजे बहुधा थायरॉईड मंद असणे.

आपल्याकडे मोठ्या माणसांत याचे नेहमीचे कारण हाशिमोटोचा आजार हे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. टीएसएच 38 पर्यंत गेला, याचा अर्थ ग्रंथीची ताकद बरीच गेली होती.

लेव्होथायरॉक्सिन म्हणजे तेच टी4 संप्रेरक, प्रयोगशाळेत तयार केलेले. ग्रंथी जे पुरवू शकत नाही, ते गोळी पुरवते. हा उपचार नवा नाही. 1891 मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका अत्यवस्थ स्त्रीला बरे केले. त्यानंतर ती 28 वर्षे जगली, कारण ते औषध तिने पुढेही चालू ठेवले.

"जन्मभर गोळी म्हणजे जन्मभर आजारी," असे अनेकांना वाटते. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांनाही मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागे. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांचे औषधपाणी व पथ्य त्या सांभाळत. शरीरात कमी पडणारी वस्तू बाहेरून घेण्यात कमीपणा कसला?

मग तीन आठवडे बरे का वाटले?

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. अनेक जण याचा अर्थ घेतात, "डॉक्टरांचे ऐकू नका, स्वतः अनुभव घ्या." पण पारख दोन्ही बाजूंची करायची असते. डॉक्टरांच्या शब्दाची करायची, तशी डबा विकणाऱ्या ताईंच्या शब्दाचीही करायची. आणि स्वतःच्या अनुभवाचीही करायची, कारण थायरॉईडच्या बाबतीत अनुभव हमखास फसवतो.

पहिले कारण असे. टी4 शरीरातून फार सावकाश जाते. आज असलेले प्रमाण निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात. दोन आठवड्यांनी पाव उरते, तीन आठवड्यांनी अष्टमांश. त्यानंतरही पेशींवरचा परिणाम लगेच दिसत नाही. म्हणजे गोळी बंद केल्यावरचे पहिले काही आठवडे आपण जुन्या गोळीच्या शिल्लकीवर चालतो आणि श्रेय नव्या डब्याला देतो. म्हणूनच डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासतात, आठ दिवसांनी नाही.

दुसरे कारण बायोटिन. केसांच्या गोळ्यांत ते रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असते. अनेक प्रयोगशाळांच्या तपासणीच्या पद्धतीत बायोटिन अडथळा आणते आणि टीएसएच खोटा कमी, तर टी4 खोटे जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आता विचार करा. गोळी बंद आहे, ग्रंथी मंद आहे, पण बायोटिनमुळे रिपोर्ट छान येतो आणि आपण म्हणतो, "बघा, शेवाळाने थायरॉईड बरा झाला." रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस आधी थांबवायचे, ते डॉक्टरांना विचारा.

तिसरे कारण जास्त गंभीर आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या थायरॉईडच्या 10 पूरक उत्पादनांची तपासणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या नऊंमध्ये टी3 हे संप्रेरकच सापडले. 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या डब्यात तेच संप्रेरक, पण डोस न लिहिलेले. असा डबा घेतल्यावर हुशारी वाटेलही, पण पुढे छातीत धडधड, हृदयाची अनियमित लय आणि हाडांची झीज वाट्याला येऊ शकते.

डब्यात काय आहे, ते एकेक पाहू

समुद्री शेवाळ म्हणजे आयोडीन. थायरॉईडला आयोडीन लागते हे खरे. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो, हे दाखवून दिले. त्यातूनच पुढे देशभर आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम उभा राहिला. पण मोठ्या माणसाची गरज दिवसाला फक्त 150 मायक्रोग्रॅमची आहे. आयोडीनयुक्त मीठ आणि मासळी खाणाऱ्या आपल्या वसईकर घरांत ती बहुधा भागते. शेवाळाच्या गोळीत किती आयोडीन असेल याचा भरवसा नसतो, आणि हाशिमोटो असलेल्या ग्रंथीला जास्तीचे आयोडीन आणखी मंद करू शकते. उलट बाजूही लक्षात ठेवा. वसईच्या मिठागरातले जाडे मीठ समुद्राचे असले तरी त्यात पुरेसे आयोडीन नसते. सैंधवातही नसते. पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिले आहे ना, ते पाहा.

अश्वगंधा काही लोकांत थायरॉईड संप्रेरक वाढवते. किंचित मंद थायरॉईड असलेल्या 50 जणांवर आपल्याकडे झालेल्या लहान अभ्यासात टीएसएच कमी झालेला दिसला. पण तेवढ्यावरून टीएसएच 38 असलेल्या माणसाची गोळी सोडता येत नाही. गोळीसोबत अश्वगंधा घेऊन थायरॉईड अतिवेगाने धावल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणी ती घेऊ नये.

सेलेनियमने हाशिमोटोतील अँटिबॉडी कमी होतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे गोळी सुटते किंवा माणसाला बरे वाटते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. सेलेनियम जास्त झाले तर केस गळतात आणि नखे ठिसूळ होतात. म्हणजे ज्यासाठी डबा घेतला, तेच वाढायचे.

लोह, बी12 आणि ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यांची कमतरता आपल्या स्त्रियांत नेहमी आढळते, आणि थकवा व केसगळतीचे खरे कारण कधी कधी तिथेच असते. रक्त तपासून कमतरता निघाली तर ती जरूर भरून काढा. पण ती थायरॉईडच्या गोळीची जागा घेत नाही.

गोळी घेऊनही बरे वाटत नसेल तर

आधी गोळी पोटात नीट पोहोचते का, ते पाहा. विरारहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईची सकाळ आपल्याला माहीत आहे. उठायचे, चहा टाकायचा, डबे भरायचे आणि चहाच्या घोटासोबत गोळी गिळायची. चहा-कॉफीसोबत गोळी कमी शोषली जाते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. रोज ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तिच्यामुळेही फरक पडतो.

सकाळी हे जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेण्याचा पर्याय आहे. तो डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मग रोज तीच वेळ पाळा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत बाटली ओट्याजवळ किंवा मोरीजवळ ठेवू नका. कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहा.

एवढे करूनही, टीएसएच नॉर्मल असताना, काही जणांचा थकवा राहतोच. हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. "सगळे तुमच्या मनात आहे," असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नका. पुढच्या भेटीला कागदावर हे प्रश्न लिहून न्या :

1. माझा टीएसएच नेमका किती आहे? गेल्या चार वर्षांतले आकडे कसे बदलले?
2. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी12, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासायची का?
3. माझ्या वजनाच्या मानाने डोस बरोबर आहे का? तो थोडा बदलून पाहता येईल का?
4. झोप, पाळी, रजोनिवृत्ती किंवा नैराश्य यांचा संबंध असेल का?
5. मी ही-ही पूरके घेते. यांतले काय चालेल, काय थांबवू?

पाचवा प्रश्न विचारताना डबाच सोबत न्या. रागावतील ही भीती समजते. पण डॉक्टरांना अर्धी माहिती दिली तर त्यांचा निर्णयही अर्धवट माहितीवर होईल. ते ऐकूनच घेत नसतील तर दुसरा डॉक्टर गाठा. शक्य असेल तर संप्रेरकतज्ज्ञ, म्हणजे एन्डोक्रिनॉलॉजिस्ट. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि आपले रिपोर्ट मागणे हाही.

काही मतभेद खरोखर योग्य असतात. टीएसएच थोडाच वाढलेला, म्हणजे 10 च्या आत असेल आणि टी4 नॉर्मल असेल, तर प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. 65 वर्षांवरील अशा लोकांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात गोळीने लक्षणांत फरक पडला नाही. बाळंतपणानंतर बिघडलेली थायरॉईडही कधी कधी आपोआप सावरते. अशा वेळी "मला गोळी खरेच लागते का?" असे अवश्य विचारा. डॉक्टर गोळी कमी करून आणि रक्त तपासून ते पाहू शकतात. मुद्दा इतकाच की हा प्रयोग दोघांनी मिळून करायचा असतो.

एका बाबतीत मात्र प्रयोगच नको. मूल हवे असेल किंवा पाळी चुकली असेल तर ताबडतोब डॉक्टरांना भेटा. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते. गरोदरपणी डोस बहुधा 25 ते 30 टक्क्यांनी वाढवावा लागतो. त्या काळात गोळी बंद ठेवण्याची किंमत बाळ मोजते.

भुईगावचा शिलालेख

आपल्या वसईतल्या भुईगावला 1956 मध्ये सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. या शिलालेखात अशोक सांगतो की आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे असते. खरे मंगल धम्माच्या आचरणात आहे. बावीसशे वर्षांपूर्वी तो हे आपल्याच किनाऱ्यावर सांगत होता. आपण गंडे-दोरे सोडले. आता त्यांच्या जागी 1800 रुपयांचा डबा येऊ देऊ नका.

डबा देणाऱ्या ताईंवर राग धरू नका. त्यांनाही कोणीतरी असेच समजावले असेल. हा अंक त्यांनाही वाचायला द्या. तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली आणि आजाऱ्याची सेवा करणे संघाचे कर्तव्य मानले. एखाद्या भगिनीसोबत डॉक्टरकडे जाणे, तिचे प्रश्न कागदावर लिहून देणे, तिच्या वतीने दोन वाक्ये बोलणे, ही आजच्या काळातली तीच सेवा आहे.

ताई, पुढच्या रविवारी वंदनेला याल तेव्हा रिपोर्टची फाईल सोबत आणा. प्रश्नांचा कागद आपण मिळून लिहू.

जय भीम, नमो बुद्धाय.